दाखवायचं कुणाला?

आमच्या खान्देशात व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवलेला सुविचार सगळ्यांसाठी कधीच नसतो. तो एकाच माणसासाठी असतो आणि त्या माणसाला ते पहिल्याच ओळीत कळतं. सकाळी एखाद्या वहिनीने मावळत्या सूर्याच्या चित्रावर ‘वेळ आली की आपलं कोण ते कळतं’ असं टाकलं, की दुपारच्या आत तिच्या जावेचं उत्तर येतं. गुलाबाच्या फुलावर, ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ मधल्या वेळात दोघी एकमेकींशी शब्दाने बोललेल्या नसतात. घरं मात्र भिंतीला भिंत लागून. आणि ही जुगलबंदी बघणारे नात्यागोत्यातले शे-दीडशे लोक काहीच न कळल्यासारखा चेहरा करून पुढच्या स्टेटसवर जातात. कळलेलं सगळ्यांना असतं.

व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय २०१७ च्या फेब्रुवारीत आणली. दिवसभरातले फोटो, व्हिडिओ ओळखीच्यांना दाखवावेत, चोवीस तासांनी ते आपोआप जावेत, एवढीच त्यामागची कल्पना. ती आखणाऱ्यांच्या डोक्यात अमळनेर तालुक्यातल्या जावा-जावा असतील असं वाटत नाही. पण आमच्या बायकांनी हे यंत्र हातात आल्या आल्या ओळखलं. टोमणा मारायचा तर चारचौघांत मारायचा, नाव घ्यायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर ‘मी कुठे तुम्हाला म्हटलं?’ म्हणून मोकळं व्हायचं. लग्नाच्या मांडवात विहिणीच्या नावाने गाणी म्हणणाऱ्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली आहे. चोवीस तासांत पुरावा नाहीसा होतो ही वरची सोय. शिवाय कुणी बघितलं त्याची यादी मिळते. मांडवातल्या विहिणीने गाणं ऐकलं की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे कधी नक्की कळत नसे. इथे नावानिशी, वेळेसकट कळतं. (हल्ली काही जणी निळ्या खुणा बंद करून गुपचूप बघतात. त्यांना गल्लीत काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

हे सगळं सांगायचं कारण असं, की ‘मोबाइलने माणसं दिखाऊ झाली’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. जळगावात, धुळ्यात, शहाद्याला, कुठल्याही व्याख्यानमालेत ते एकदा तरी येतंच आणि टाळी घेऊन जातं. पण लग्नात आहेर करणाऱ्याचं नाव आणि रक्कम माइकवरून सांगायची पद्धत मोबाइलने आणली नव्हती. चौफुलीवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स तर स्मार्टफोन हातोहाती जाण्याआधीच लागत होते. मधोमध गॉगल लावलेले भाऊ, आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या छोट्या चेहऱ्यांच्या रांगा. त्या रांगेत आपला चेहरा कितवा आहे यावरून पोरांमध्ये अबोला धरलेला मी पाहिला आहे. पुढे इन्स्टाग्रामवर एकमेकांना टॅग करायची वेळ आली तेव्हा त्याच पोरांना काही शिकावं लागलं नाही.

अडचण वेगळीच झाली. पूर्वी बघणारे चार लोक प्रत्येक ठिकाणी वेगळे असायचे. भाऊबंदांसमोर एक वागणं, सासरी एक, बाजारात एक, कॉलेजात आणखी एक, आणि ही ठिकाणं सहसा एकमेकांना भेटत नसत. स्टेटसने या सगळ्यांना एकाच मांडवात आणून बसवलं. चोपड्याहून जळगावला शिकायला आलेली मुलगी जीन्समधला फोटो टाकते तेव्हा तो वर्गमैत्रिणी बघतात, काका बघतो, आणि ज्यांच्याकडून स्थळ येण्याची शक्यता आहे ती मंडळीही बघतात. यावर मुलींनी स्वतःच तोडगा काढला. स्टेटस कुणाकुणाला दिसू नये त्याची यादी करायची. माझ्या भाचीची ती यादी मी पाहिली आहे. आमच्या घराण्याची इतकी अचूक वंशावळ भाटाकडेसुद्धा नसेल. इन्स्टाग्रामवर तिची दोन खाती आहेत. एकात ती वरण-बट्टी वाढते, दुसऱ्यात ती असते.

माझ्या आईचा डीपी मात्र अनेक वर्षं बाळकृष्ण होता. मग नातू झाला तेव्हा नातू. आमच्या गल्लीतल्या तिच्या वयाच्या बायकांचे नंबर उघडून बघा, फुलं, गणपती, आमची कानबाई देवी, नातवंडं. ‘तुझा लाव की’ म्हटलं तर, “माले काय करनं शे फोटो टाकीसन?” आणि लगेच खरं कारण, “लोके काय म्हनतीन!” हे फक्त आमच्या गल्लीचं नव्हतं. २०१७ च्या जूनमध्ये फेसबुकने प्रोफाइलच्या फोटोला संरक्षण देणारी सोय काढली, ती आधी भारतात. इथल्या अनेक बायका आपला चेहरा लावत नाहीत, तो फोटो पुढे कुठे जाईल, कोण काय करेल याची त्यांना भीती वाटते, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं. २०२० च्या मे महिन्यात अख्खं प्रोफाइल कुलूपबंद करायची सोय आली, तीही भारतातल्या बायका डोळ्यासमोर ठेवून. आपण त्या कंपन्यांमुळे किती बदललो हे सगळे सांगतात. पण ‘लोके काय म्हनतीन’ या आमच्या तीन शब्दांनी कॅलिफोर्नियातल्या कंपनीला कुलूप बनवायला लावलं, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला तर फार अभिमान वाटेल असंही नाही.

गंमत पुढे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. महिन्याला १५०० रुपये, आणि अ‍ॅपमध्ये अर्ज भरताना अर्जदार बाईचा समोर बसवून काढलेला फोटो. अंगणवाडीच्या ओट्यावर रांग. एकेक बाई पुढे येते, पदर डोक्यावरून नीट करते, मोबाइलकडे बघू की मोबाइल धरणारीकडे बघू या गोंधळात अर्धी हसते. ज्या चेहऱ्यांना नातेवाइकांच्या फोनमध्ये जागा मिळाली नव्हती ते आधी सरकारच्या फोनमध्ये गेले. त्यातल्या दोघी-तिघींनी नंतर तो फोटो पोराकडून मागून घेऊन डीपीला लावला. मला ते बघून इतकं बरं वाटलं, की त्या योजनेबद्दलचं माझं मत काय आहे ते मी त्यांच्यासमोर कधी काढलं नाही.

भीतीने बनवून घेतलेली आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, आणि तिचा आमच्या खान्देशाशी संबंध आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे जमावाने मारून टाकले. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज आणि व्हिडिओ त्याआधी आमच्या फोनवर येऊन येऊन गेले होते. मारहाणीचे व्हिडिओसुद्धा मोबाइलवरच काढले गेले आणि फिरले.

त्या मेसेजांचा मला आजही विसरता न येणारा भाग म्हणजे त्यांची शेवटची ओळ. ‘आपल्या पोरांची काळजी असेल तर पुढे पाठवा.’ पाठवणारा प्रत्येक जण स्वतःला चांगला बाप, सावध शेजारी, जागरूक नागरिक म्हणून दाखवत होता. खोटं पसरवायचं म्हणून कोणी पाठवलं नसेल. आपण काळजीवाहू आहोत हे दिसावं म्हणून पाठवलं. आपला चांगुलपणा मिरवायला दुसऱ्याची भीती लागते तेव्हा काय होतं, ते राईनपाड्याला झालं. गोसावी, बहुरूपी, वासुदेव दारात आले की वेशावरून, बोलण्यावरून ओळखायची एक रीत गावांना होती. फिरस्त्यांचं पोट त्या ओळखीवर चालायचं. एका फॉरवर्डने ती ओळख पुसून तिथे दुसरी लिहिली.

त्या उन्हाळ्यात अफवेतून झालेली ती एकटीच हत्या नव्हती, देशात ठिकठिकाणी हेच चाललं होतं. पण राईनपाड्यानंतर दोन दिवसांनी केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला जाहीरपणे खडसावलं. त्याच जुलैत पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. आज ब्राझीलमधला एखादा माणूस वाढदिवसाचं चित्र सहाव्या ठिकाणी पाठवायला जातो आणि फोन त्याला अडवतो, तेव्हा त्याला साक्री तालुका कुठे आहे हे ठाऊक नसतं. आमच्यातल्याही फार थोड्यांना हा धागा ठाऊक आहे. पाचाची मर्यादा आली तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तक्रार झाली होती ती एवढीच, की आता शुभ सकाळ सगळ्यांना पाठवायला फार वेळ लागतो.

आता शेताकडे येते, कारण खान्देशात शेवटी सगळं शेताशी येऊन थांबतं.

रावेर-यावलची केळीची बाग रीलमध्ये फार देखणी दिसते. वरून ड्रोन, खाली ठिबकच्या नळ्यांच्या सरळ रेघा, घडांवर चढवलेल्या पिशव्या, आणि एका भल्यामोठ्या घडाशेजारी तो घड आपणच पोसला म्हणून छाती काढून उभा असलेला तरुण. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून या अभिमानाला कागदाचाही आधार आहे. रीलमध्ये घडाचं वजन असतं, कुठलं वाण, कुठलं खत तेही असतं. भाव नसतो. भाव दुसऱ्या ग्रुपवर येतो, रोज, रावेरचा इतका, बऱ्हाणपूरचा तितका. आणि व्यापाऱ्याने प्रत्यक्षात कितीने कापली हा तिसरा आकडा कुठल्याच ग्रुपवर येत नाही. तो बांधावर, आवाज खाली आणून सांगितला जातो, आणि बहुतेक वेळा जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी असतो.

मग मे-जूनचं वादळ येतं आणि अर्ध्या तासात बाग आडवी होते. तोच तरुण, तोच फोन, पण आता त्याला अगदी उलट चित्र काढायचं असतं. फोटोवर तारीख हवी, वेळ हवी, अक्षांश-रेखांश हवेत. फळपीक विम्यात वाऱ्याने झालेलं नुकसान ७२ तासांत कळवायचं असतं. त्याआधी सातबाऱ्यावर पिकाची नोंद असायला हवी, आणि तीही १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानेच शेतात उभं राहून, फोटो काढून ई-पीक पाहणीत करायची. म्हणजे एकाच बागेची दोन चित्रं त्याच्या फोनमध्ये शेजारी शेजारी असतात. भाऊबंदांसाठी डौलात उभी असलेली, सरकारसाठी आडवी झालेली. सरकारसमोर आपण उद्ध्वस्त झालो हे पटवून द्यायचं आणि स्टेटसवर आपण खंबीर आहोत हे. दोन्ही एकाच दिवशी करावं लागतं. शेतकऱ्याला ‘रीलच्या नादी लागलाय’ म्हणून हसणाऱ्यांना यातलं किती कळतं कोण जाणे.

यात मला एक नियम दिसतो. गावभर वादळ झालं तर आडव्या बागेचे फोटो स्टेटसला येतात. सगळ्यांचं नुकसान दाखवता येतं. एकट्याची बाग रोगाने गेली, एकट्याची मोटार जळाली, एकट्याचं सोसायटीचं कर्ज थकलं, तर ते कधी येत नाही. कारण बघणाऱ्यांत पोरीचे बाप असतात. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालं आहे हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समाजाच्या वधू-वर ग्रुपवर मुलाचा बायोडेटा फिरायला लागला, की मुलीकडची एखादी चुलत बहीण त्याचं इन्स्टाग्राम धुंडाळायला बसते. कुणाकुणाला फॉलो करतो, हातातल्या ग्लासात काय आहे, बुलेट स्वतःची की मित्राची. मुलांनाही हे पक्कं माहीत. म्हणून बायोडेटा तयार झाला की ढाब्यावरचे फोटो आधी गायब होतात, आणि आठवड्याभरात पोरगा ट्रॅक्टरवर, मग गायीजवळ, मग आईसोबत मंदिरात दिसायला लागतो. हे बघून स्थळं जुळतात, मोडतातही. तेव्हा त्याला नुसतं मिरवणं कसं म्हणायचं? ते कामच आहे, आणि त्यात चूक झाली तर किंमत मोजावी लागते.

हे काम देवघरापर्यंत कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची कानबाई, तिला नथ, साज, रात्रभर जागर, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. पोटासाठी सुरतेला, उधना-लिंबायतला गेलेली आमची माणसं एरवी येवोत न येवोत, कानबाईला येतात. ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी जागर लाइव्ह केला जातो, आणि तिकडे खोलीत बसून पुतणे-सुना हात जोडतात. हे मला मनापासून आवडतं. वाद झाला तो रोटांवरून, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यावरून. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, अगदी लग्न होऊन गेलेल्या लेकीचाही त्यावर हक्क नाही अशी आमच्या घरची रीत. गेल्या काही वर्षांत एका सुनेने रोटांचं ताट सजवून त्याचा फोटो टाकला. मोठी काकू बिथरली. “रोट खावाना ऱ्हास, दखाडाना नहीं.” सून म्हणाली, फोटोतून कोणी खात नाही. काकू म्हणाली, डोळ्याने खातात. दोघींचंही म्हणणं मला पटत होतं, आणि जिला ते रोट खायचा हक्कच नाही अशी लेक म्हणून मी तो फोटो मोठा करून करून बघत होते, हेही खरं.

आणि मग भाषा.

शाळेत असताना आमच्यातल्या कुणाच्या तोंडून ‘माले’, ‘तुले’ निघालं की सर नुसते थांबायचे. वर्ग हसायचा. तेवढं पुरे व्हायचं. आमची पिढी अहिराणी घराच्या उंबऱ्याआत ठेवायला अशी शिकली. आज माझा भाचा त्याच अहिराणीत रील करतो आणि ते पुण्यातल्या आयटीवाल्या खान्देशी पोरांना हसवतं, रडवतं. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा त्याच्यासारखे अनेक जण आठवडाभर सुतक असल्यासारखे बसले होते; पुढे इन्स्टाग्रामचे रील आणि यूट्यूबचे शॉर्ट्स आले आणि सगळे तिकडे सरकले. पोरांना आपली बोली बोलायची लाज वाटेनाशी झाली, हे फोनने केलेलं मोठं काम मी तरी नाकारणार नाही.

पण चालणारी अहिराणी एका विशिष्ट सुराची असते. मोठ्याने बोलणारी, दारुड्या नवऱ्याची, खाष्ट सासूची, उसन्या पैशांच्या भांडणाची. शांतपणे, हळू आवाजात अहिराणी बोलणारा माणूस रीलमध्ये दिसत नाही, जणू या भाषेत कोणी कधी कुजबुजलंच नाही. भाचा घरी मराठी बोलतो, आणि कॅमेरा सुरू झाला की आजीच्या तोंडचे ठेवणीतले शब्द ओळीने लावतो. आजी ऐकते आणि म्हणते, असं एका दमात कोणी बोलत नाही रे. शिवाय रावेरकडची लेवा बोली वेगळी, गुजर बोली वेगळी, सातपुड्यातली पावरी तर वेगळीच, पण हॅशटॅगमध्ये सगळं मिळून एकच ‘खान्देशी’. पावरी बोलणाऱ्या धडगावच्या मुलाला हे नाव विचारून दिलं होतं का, हा प्रश्न त्या नावाखाली नाचणाऱ्या कुणाला पडत नाही.

आता आकडे बघा. जनगणनेत अहिराणी ‘खान्देशी’ या शीर्षकाखाली मोजतात. २००१ साली खान्देशी मातृभाषा सांगणारे होते २० लाख ७५ हजारांच्या घरात, २०११ ला उरले १८ लाख ६० हजारांच्या घरात. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि बोलणारे घटले. सगळे बोलायचं थांबले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. दारात येणारा प्रगणक बहुतेकदा जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक असतो. वही उघडून तो मातृभाषा विचारतो तेव्हा वर्गातले ते थांबलेले सर आठवून कितींनी ‘मराठी’ म्हटलं असेल, याचा मला अंदाज आहे, कारण आमच्या ओट्यावर उत्तर देणाऱ्या माझ्या वडिलांना मी ऐकलं आहे. अहिराणीतच घरात हाक मारून त्यांनी चष्मा मागवला होता, आणि मग रुबाबात सांगितलं होतं, मराठी.

२०२७ च्या जनगणनेत ही माहिती आपली आपण, मोबाइलवरूनही भरता येणार आहे. म्हणजे उत्तर लिहिताना समोर सर नसतील, हसणारा वर्ग नसेल, बघणारं कोणीच नसेल. मी कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं, मातृभाषेच्या रकान्यात कोण काय लिहिणार? सगळ्यांत आधी भाच्याचं उत्तर आलं, ज्याची ओळख त्याच्या प्रोफाइलवर अहिराणीतच लिहिली आहे. “फॉर्मवर ते मराठीच लिखसू ना, मावशी.” त्याखाली पटापट अंगठे पडले. त्यात माझ्या भावाचाही होता, जो भाच्याचं प्रत्येक रील स्टेटसला ठेवतो आणि वर लिहितो, ‘मायबोलीचा अभिमान.’